माईकशिवाय गिटार: समूहगानासाठी आवाजाची पारख

२ नोव्हेंबर

१२ जानेवारीला, हुतात्मा दिनी, शाळेच्या मैदानावर आमच्या गटाचं समूहगान आहे. गाणारे पंधरा-सोळा जण, साथीला पेटी, ढोलकी, डफ आणि तीन गिटार. माईक लावायचा नाही हे पक्कं झालंय. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्यासाठी गाताना आवाज गळ्यातून थेट माणसांपर्यंत जावा, मध्ये कर्णा नको, असं सरांचं म्हणणं आहे. मला ते मनापासून पटलं.

अडचण गिटारची आहे. तिघं जण जीव तोडून वाजवतात आणि चौथ्या रांगेत काही पोचत नाही. वर्गणीतून अठरा हजार जमलेत. बहुतेकांचा कल ‘सर्वांत मोठ्या अंगाची गिटार घेऊन टाकू’ असा आहे. पैसे देण्याआधी वाजवून, मोजून, ऐकून बघू द्या, एवढी मुदत मी मागून घेतली. त्या कामाच्या या नोंदी.

५ नोव्हेंबर

गिटारची जमवाजमव. माझी ड्रेडनॉट (रुंद खांद्यांची, मोठ्या अंगाची गिटार), वरची फळी एकसंध स्प्रूसच्या लाकडाची. गटातल्या दोन्ही पोरांच्याही ड्रेडनॉटच, पण त्यांची वरची फळी थर चिकटवलेली, म्हणजे प्लायची. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका दादांनी त्यांची जम्बो, म्हणजे सर्वांत मोठ्या अंगाची गिटार, विश्वासाने हवाली केली. सरांच्या घरची नायलॉन तारांची क्लासिकल आहेच. शिवाय जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाचीची कॉन्सर्ट आकाराची गिटार: कमरेला आवळलेली, पोट उथळ, फळी एकसंध.

एकसंध फळी आणि प्लाय यांतला फरक पोरांना समजावून सांगितला. गिटारचा बहुतेक आवाज वरच्या फळीतून येतो. तारा ब्रिज, म्हणजे फळीवरचा तारांचा आधार, हलवतात, ब्रिज फळी हलवतो, फळी हवा हलवते. एकसंध फळी हलकी असते, रेषा एकाच दिशेने जातात, त्यामुळे थोड्या ताकदीत ती जास्त हलते. प्लाय ताठ आणि जड, पण आपल्या उन्हाळ्यात तीच जास्त टिकते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारची आर्द्रता पार विशीत उतरते. एकसंध फळीला पन्नाशीच्या आसपासची हवा मानवते. हे खरेदीच्या वेळी विसरायचं नाही.

जाता जाता एक. माझ्या गिटारची पाठ आणि बाजू शिसवाच्या आहेत. जगभरच्या नामांकित गिटारना आपल्याकडचं शिसव लागतं; मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास ब्राझीलचं शिसव सोडून भारतीय शिसव धरलं. २०१७ मध्ये या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पोरांना हे ठाऊक नव्हतं. गिटार हातात फिरवून फिरवून पाठ बघत बसली.

९ नोव्हेंबर

मोजायची पद्धत ठरवली. सगळ्या गिटार एकाच माणसाने वाजवायच्या. हात बदलला की आवाज बदलतो आणि तो फरक दोन गिटारमधल्या फरकापेक्षा सहज मोठा असू शकतो. वाजवणारी मी. पिक (तारा छेडायची चकती) एकच, ०.७३ मिलिमीटरचं. लय मेट्रोनोमवर मिनिटाला ९० ठोके. कॉर्डही (एकत्र छेडायचे सूर) तेच. फोन स्टँडवर, साउंडहोलपासून (फळीतल्या भोकापासून) एक मीटरवर, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर.

फोनमधल्या डेसिबल मीटरला ए आणि सी अशा दोन सेटिंग असतात. बहुतेक ॲप मुळात ए वर असतात. ए हे माणसाच्या कानाच्या, तेही हळू आवाज ऐकतानाच्या, सवयीला धरून बनवलंय. त्यात १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभर कंपनांचा) आवाज जवळजवळ १९ डेसिबलने कमी धरला जातो आणि २०० हर्ट्झचा सुमारे ११ ने. सी मध्ये खर्जाला अशी कात्री जवळपास लागत नाही. मोठ्या गिटारचा मोठेपणा बराचसा खर्जातच असतो, म्हणून दोन्ही सेटिंगवर मोजायचं. फोनच्या आकड्यावर भरवसा तुलनेपुरताच. ‘अमुक गिटार अमुक डेसिबलची’ असं या फोनवरून कुणी सांगू नये.

जागा नेहमीची, पूर्व भागातली सरावाची खोली. शहाबादी फरशी, वर पत्रे, एका भिंतीपलीकडे यंत्रमाग. माग चालू असले की मोजण्यात अर्थ नाही, म्हणून ते थांबल्यावरच वाजवायचं.

१० नोव्हेंबर

एकेकटी गिटार वाजवून पाहिली.

सी सेटिंगवर जम्बो सगळ्यांत वर, तिच्यामागे माझी ड्रेडनॉट, मग प्लायच्या दोन्ही, मग कॉन्सर्ट. नायलॉन बरीच खाली. जम्बो आणि कॉन्सर्टमध्ये चार डेसिबलच्या आसपास फरक दिसत होता. ए सेटिंगवर तोच फरक जेमतेम एकावर आला आणि कॉन्सर्ट तर प्लायच्या ड्रेडनॉटच्या पुढे गेली. कागदावर दोन रकाने शेजारी मांडले तेव्हाच लक्षात आलं की इथे काहीतरी धरून ठेवण्यासारखं आहे.

मग कानांची परीक्षा. सर, वहिनी आणि ढोलकीवाले मामा यांना पाठमोरं बसवलं आणि नावं न सांगता वाजवलं. तिघांनीही जम्बोला पहिली पसंती दिली. खोली भरून जाते, पोटात जाणवते, असं वहिनी म्हणाल्या. त्यांचं बरोबरच आहे. एकटी ऐकली तर जम्बो राणी आहे. कॉन्सर्टबद्दल सर म्हणाले, “चांगली आहे, पण बारीक आहे.”

पोरं म्हणाली, “अक्का, झालं की ठरलं, जम्बोच घ्या.” गटात वाजवल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असं सांगितलं.

१३ नोव्हेंबर

जम्बो एवढी का घुमते ते वाचून काढलं. गिटारच्या पोटातली हवा साउंडहोलमधून आत-बाहेर होते आणि तिची स्वतःची एक कंपनसंख्या असते, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. वरच्या फळीचं पहिलं मोठं कंपन त्याच्या वर, २०० च्या जवळ. पोट मोठं, तर हवेचा सूर खाली जातो आणि खालच्या तारा फुगून येतात. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, पाचवी ११० ची. पण आपला कान सगळ्यांत तीक्ष्ण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे जिथे जम्बो बलवान, तिथे कान मंद.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद लांबणार.

पूर्ण गट जमला. पेटी, ढोलकी, डफ, सगळे गळे. मी दाराशी उभी राहिले. एका पोराला एकामागून एक गिटार दिली. दुसऱ्या पोराने हात आवरून बसायचं. गाणं तेच, पट्टी पांढरी चार (पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर षड्ज), धृपद आणि एक अंतरा.

पहिली जम्बो. पोरगं वाजवताना दिसतंय, हात चाललाय, आणि कानावर येतंय ते फक्त एक जाडसर धुकं. कॉर्ड बदलला हे सुद्धा पेटीवरून कळतं. मामांनी ढोलकी थांबवून सांगितलं, “बाळा, तुझी गिटार दिसतीया, पण ऐकू येत न्हाई.” मग माझी ड्रेडनॉट. थोडी बरी, पिकचा ठोका कळतो, कॉर्डचा रंग कळत नाही. प्लायची ड्रेडनॉट दिली तर ठोकाही गेला, कारण तिच्या तारा पार मेलेल्या आहेत. त्यांचं वेगळं बघायचंय.

शेवटी कॉन्सर्ट. आवाज मोठा नव्हताच. पण प्रत्येक आघात वेगळा निघत होता आणि वरच्या तीन तारा पेटीच्या डोक्यावरून येत होत्या. दाराबाहेर गेले, गल्लीत पाच-सहा पावलं टाकली, तरी कळत होतं की गिटार चालू आहे आणि कॉर्ड कुठे बदलतोय. पेटीवरून हात न काढता सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

का झालं ते नीट लिहून ठेवते. खालच्या बाजूला ढोलकीचा खर्ज आणि डफ बसलेत. १०० हर्ट्झच्या आगेमागे जे काही आहे ते त्यांचं. मधल्या पट्ट्यात पुरुषांचे गळे, त्यावर बायकांचे गळे, आणि या सगळ्याच्या अंगावरून पेटी. पेटीचा सूर धरला की भाता चालतोय तोवर हलत नाही. गिटारचा सूर छेडला की लगेच उतरायला लागतो. एकाच जागी न संपणारा सूर आणि उतरता सूर असले तर कानाला पहिलाच ऐकू येतो, दुसरा त्याच्या आड जातो. जम्बोची सगळी श्रीमंती नेमकी याच गर्दीत खर्च होते. कॉन्सर्टचं बळ तारेच्या आघातात आणि वरच्या स्वरमेळात आहे, आणि तिथे आमच्या गटात कुणीच बसलेलं नाही.

डफवाले काका बराच वेळ गप्प ऐकत होते. त्यांची हयात पोवाड्यात गेली. म्हणाले, “तुणतुण्याचं बघा ना. एक तार, वितीएवढं भांडं. शाहिराचा गळा केवढा, डफ केवढा. तरी झीलकऱ्याचं तुणतुणं मैदानाच्या टोकाला ऐकू जातं. ते कुणाशी भांडतच नाही, सगळ्यांच्या वर जाऊन बसतं.” मी गेले आठवडाभर आकडे मांडून जे सांगू पाहत होते ते काकांना पाठ होतं. आपल्या मातीतल्या वाद्यांनी हा प्रश्न माईक येण्याच्या कितीतरी आधी सोडवलेला आहे आणि गिटार शिकवताना आपण ते मुलांना सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१७ नोव्हेंबर

गिटारवाल्यांनी पूर्वी काय केलं, तेही शोधलं. विजेची गिटार येण्याआधी बँडमध्ये हीच मारामारी होती. १९२७ मध्ये जॉन डोपियेरा यांच्या कल्पनेतून नॅशनल कंपनीची धातूची गिटार आली, पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवलेली. १९३२ मध्ये पॅरिसच्या सेल्मर कंपनीने मारिओ माकाफेरी यांच्या आराखड्यावर गिटार काढली. पुढे तिचं साउंडहोल लहान, लंबगोल झालं आणि आवाज आणखी टोकदार. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांनी तीच वाजवली.

मला सर्वांत जवळचं वाटलं ते फ्रेडी ग्रीन यांचं उदाहरण. काउंट बेसी यांच्या जॅझ बँडमध्ये १९३७ पासून १९८७ पर्यंत ते ताल धरून बसले. समोर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनची फौज आणि यांच्या हातात विजेशिवायची, कोरून फुगवलेल्या फळीची आर्चटॉप गिटार. तारा उंच ठेवायच्या, कॉर्डमधले मोजके सूर वाजवायचे, चारही मात्रांवर समान ठोका. गिटार अंगावर येत नाही, पण काढून घेतली तर बँड उघडा पडेल. आमच्या पोरांना सहा तारा दणादण छेडायची सवय आहे. दोन-तीन तारांचा नेमका ठोका शिकवला पाहिजे.

२२ नोव्हेंबर

तारा आणि पिक.

पोरांच्या प्लायच्या ड्रेडनॉटवर दहा-सत्तेचाळीसचा (हजारांश इंचात सर्वांत बारीक तार दहा, सर्वांत जाड सत्तेचाळीस) बारीक सेट होता, तोही काळा पडलेला. एकीवर बारा-त्रेपन्नचा फॉस्फर ब्राँझ चढवला. बारीक सेटचा एकूण ताण ६० किलोच्या आसपास, या सेटचा ७० च्या वर. तेवढा भार ब्रिजवर आला की फळी जास्त हलते. नुसत्या नव्या तारांनी गिटार ओळखू येईना. ए सेटिंगवर तीन डेसिबल वाढ, आणि त्याहून मोठा फरक म्हणजे आघाताला धार आली. दुसरीवर अकरा-बावन्नचा ८०/२० ब्राँझ लावला; तो आणखी उजळ आहे, पण आपल्या घामाने लवकर उतरतो. कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी लावला तर उत्तम.

नव्या गिटारपेक्षा नव्या तारांनी जास्त काम होतं आणि खर्च पाचशे-सातशे. हे सगळ्यांना दाखवायचं म्हणून जुन्या आणि नव्या तारांचं ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐकवलं. वर्गणी जमवणाऱ्या वहिनींना सर्वांत आधी पटलं.

पिकबाबत: पातळ पिक टिकटिक जास्त करतं, सूर कमी देतं. खूप जाड पिकने नवख्याचा हात अडखळतो. ०.७३ आणि ०.८८ यांच्यात आमचं भागतं. सहा तारांवरून लांब हात फिरवण्याऐवजी मनगट आवळून ब्रिजच्या दोन बोटं जवळ छेडलं की आवाज पुढे येतो. पोरांना एका संध्याकाळीत जमलं.

२८ नोव्हेंबर

आज सर्वांत उपयोगाची गोष्ट हाती लागली आणि तिला एक पैसाही लागत नाही.

तिन्ही गिटार आजवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) लावून ई कॉर्डच्या आकाराने पांढरी चार वाजवत होत्या. तिघांची तीच बोटं, तेच सूर. सारख्या आवाजाच्या दोन गिटार एकत्र वाजल्या तर वाढ फक्त तीन डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे तशाच दहा गिटार. हा रस्ता आमच्यासाठी बंद आहे.

म्हणून सूर वाटून दिले. एक गिटार कॅपो पहिल्या फ्रेटवर, ई चा आकार: तिचा सगळ्यांत खालचा षड्ज ८७ हर्ट्झचा. दुसरी कॅपो पाचव्या फ्रेटवर, सी चा आकार: तिचा षड्ज १७५ चा, बरोबर एक सप्तक वर, आणि वरच्या तारा त्याहून वर. पहिलीने समेला आणि मधल्या ठोक्याला दोन जाड तारा छेडायच्या, दुसरीने मधल्या जागा वरच्या तारांनी भरायच्या. कॉर्ड तेच, जागा वेगळ्या.

खोलीचा चेहराच बदलला. दोनच गिटार वाजत होत्या आणि दोन्ही वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. पाचव्या फ्रेटवरची गिटार प्लायची होती, नव्या तारांची, तरी ती पेटीतून निघून वर आली. सरांनीही मग स्वतःहून पेटीवरचा डाव्या बाजूचा सूर सोडला, नुसती चाल ठेवली. त्याने पुरुषांच्या गळ्यांनाही मोकळीक मिळाली. तिसरी गिटार तूर्त बाजूला.

१ डिसेंबर

पलीकडे चादरीची ऑर्डर आहे, माग उशिरापर्यंत चालू. मोजणं बंद, सराव चालू. मागाच्या खटखटीत गाण्याचा ताल टिकवणं ही पोरांसाठी चांगली तालीम झाली. पाचव्या फ्रेटवरची गिटार त्यातूनही कळते.

७ डिसेंबर

मैदानावर सकाळी चाचणी. खोलीतली गणितं इथे चालत नाहीत. खोलीत पत्रे आणि फरशी आवाज परत फेकतात. मैदानात तो गेला तो गेला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. दोन मीटरवर जे ऐकू येतं ते सोळा मीटरवर अठरा डेसिबलने खाली.

त्यातून आमची बैठक अशी की गिटारवाले गाणाऱ्यांच्या मागे मांडी घालून. गिटारचा खर्ज चहूकडे पसरतो, पण धार समोरच्या दिशेने जाते, आणि समोर माणसांच्या पाठी, शाली, स्वेटर. ज्या धारेसाठी एवढी खटपट केली तीच कापडात जिरत होती. दोन्ही गिटारवाल्यांना अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना, पुढच्या रांगेत, उभं केलं. गिटारचं तोंड प्रेक्षकांकडे, पोट अंगाला घट्ट न चिकटवता. पाठीमागे शाळेची भिंत येईल असं उभं राहिल्यावर आणखी थोडा फायदा झाला. ढोलकी आणि डफ मधोमध मागे. पेटी बाजूला तिरकी.

वहिनींना शेवटच्या ओळीच्या जागी पाठवलं. त्यांनी हात वर करून खूण केली की कॉर्ड बदलताना कळतोय.

अजून एक. सकाळी थंडीत सूर लावला आणि ऊन चढल्यावर तारा सैल पडून उतरल्या. पेटी मात्र जिथल्या तिथे. १२ तारखेला गिटार आधी अर्धा तास बाहेर सावलीत ठेवायच्या, मग पेटीवर लावायच्या.

२० डिसेंबर

खरेदी. जम्बोचा विषय आता कुणी काढत नाही. घ्यायची ती कॉन्सर्ट आकाराची, वरची फळी एकसंध, बाजू-पाठ प्लायची चालेल. उलट आपल्या हवेला तीच बरी.

दुकानात काय करायचं हे आधी ठरवून गेले होते. आमच्या सरावाचं ध्वनिमुद्रण, गिटार वगळून, फोनमध्ये आणि छोट्या स्पीकरमध्ये नेलं होतं. पेटी-ढोलकी-गळे चालू ठेवून त्यावर एकेक गिटार वाजवली आणि बरोबर आलेल्या पोराला दुकानाच्या दारात उभं केलं. दुकानात एकट्याने वाजवली की घुमणारी गिटारच सगळ्यांना मोहवते. साथीत धरली की लगेच निवड होते. दुकानदारांनी मोकळ्या मनाने हे सगळं करू दिलं. जी घेतली ती नुसती ऐकायला तिथली सर्वांत गोड नव्हती. दारातल्या पोराने मात्र दोनदा तिच्याकडेच बोट दाखवलं. अठरा हजारांत गिटार, कव्हर, दोन कॅपो आणि तारांचे सेट बसले.

४ जानेवारी

नव्या गिटारची जुळणी. तारा फारच खाली होत्या, जोरात छेडलं की फ्रेटवर झणझणायच्या. तार खाली असली की तिला झुलायला जागा नसते आणि आवाज तिथेच अडतो. कारागिराकडून सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) किंचित उंच करून घेतलं: बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटर, बारीक तार दोनच्या जरा खाली. बोटांना थोडं जड जातं. कॅपो पाचव्यावर असल्याने तेवढं सोसतं.

१० जानेवारी

शेवटची तालीम. बारा-त्रेपन्नच्या ताज्या तारा परवाच चढवल्या, आता ताणून स्थिर झाल्यात. गिटारवाला पोरगा अंतऱ्यात आपणहून हात हलका करतो आणि धृपदाला वर येतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

१३ जानेवारी

कालचा कार्यक्रम झाला. वारा होता, रहदारीही होती. मागे उभ्या राहिलेल्या दोघा शिक्षकांना आधीच सांगून ठेवलं होतं की काय ऐकू येतं ते लिहून द्या. दोघांच्या कागदावर शब्द स्पष्ट, डफ स्पष्ट. गिटारबद्दल एकाने लिहिलं, ‘उजवीकडची सतत कळत होती’. ती नवी, पाचव्या फ्रेटवरची. डावीकडची, म्हणजे माझी ड्रेडनॉट, फक्त कमी गळ्यांच्या ओळींमध्ये कळली. तिचं काम खालून आधार द्यायचं आहे आणि गाणाऱ्यांना तो जवळून मिळत होता, असं वहिनी सांगतात. तरी २६ जानेवारीला तिचा कॅपो तिसऱ्यावर, डी च्या आकारात, घेऊन बघायचा.

चारही हुतात्म्यांची नावं घेतली जातात त्या ओळीला सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी गिटार चार ठोके देते. ती जागा मी सरांकडे हट्टाने मागितली होती. ते ठोके शेवटच्या रांगेपर्यंत गेले, हे त्या दोन्ही कागदांवर आहे.

पुढची कामं: बाजूला ठेवलेल्या तिसऱ्या गिटारला नव्या तारा आणि ती वाजवणाऱ्या पोरासाठी मोजक्या तारांच्या ठोक्याचा वेगळा सराव. जम्बो दादांना परत पोचवायची, सोबत नव्या तारांचा सेट. नवी गिटार मार्चपासून कव्हरमध्येच, आत ओल्या स्पंजची भोकं पाडलेली साबणदाणी, आणि शेजारी आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. पत्र्याच्या खोलीत ती ठेवायची नाही. उन्हाळाभर सरांच्या दगडी वाड्यातल्या माजघरात राहील.